हप्ता कोणाच्या नावाने येतो

२ ऑगस्ट २०२५ रोजी पीएम किसान योजनेचा विसावा हप्ता जमा झाला, त्या दिवशी शनिवार होता आणि सकाळची शाळा आटोपून मी दुपारी गावी पोहोचलो, तेव्हा आमच्या ओट्यावर पाच-सहा जण मोबाइल हातात धरून बसलेले होते. ज्यांच्या मोबाइलवर बँकेचा संदेश आला होता ते कृषी केंद्राकडे निघून गेले होते. ओट्यावर थांबले होते ते संदेश न आलेले. वाशीम जिल्ह्यातील आमच्या गावात २०१९ पासून प्रत्येक हप्त्याच्या वेळी हेच घडते, कारण मी शिक्षक आहे, मला संकेतस्थळ उघडता येते आणि कोणाचा हप्ता कोठे अडला आहे हे वाचून सांगता येते. या सहा-सात वर्षांत शेकडो वेळा ते पान उघडून पाहिल्यानंतर माझ्या मनात जे साचले आहे, ते येथे लिहून ठेवत आहे.

योजना बहुतेकांना ठाऊक आहे. १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ती जाहीर झाली, २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूर येथे तिचा आरंभ झाला आणि १ डिसेंबर २०१८ पासून ती लागू धरण्यात आली. आरंभी दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांनाच वर्षाला, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, ६,००० रुपये मिळणार होते; पुढे काही महिन्यांतच जमिनीची मर्यादा काढून टाकण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून तेवढीच रक्कम आपल्याकडून जोडली, त्यामुळे आमच्याकडील पात्र कुटुंबाला आता वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आयकर भरणारे, डॉक्टर-वकिलांसारखे व्यावसायिक आणि शिपाई वर्ग वगळता सरकारी नोकरीत असलेले यांना योजनेतून वगळले आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला असल्यामुळे माझ्या नावावर जमीन असूनही मी अपात्र आहे आणि हे मला पूर्णपणे योग्य वाटते. माझ्या वडिलांचे कुटुंब योजनेच्या व्याख्येनुसार वेगळे असल्यामुळे त्यांना पहिल्या हप्त्यापासून पैसे मिळत आले आहेत.

या पैशाला कमी लेखणारे शहरातील मित्र मला भेटतात. दोन हजारांत काय होते, असे ते विचारतात. दोन हजारांत एक डीएपीची गोणी १,३५० रुपयांना आणि युरियाच्या दोन गोण्या प्रत्येकी २६६ रुपये ५० पैशांना येतात आणि वर गावी परतण्याच्या भाड्यापुरते शंभर-सव्वाशे रुपये उरतात. तीन एकर कोरडवाहू वावर असलेल्या माणसाला मृग नक्षत्र लागल्यावर ही खते रोखीने घेता आली, तर कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत तेवढी रक्कम चढत नाही; आणि उधारीने घेतलेल्या गोणीचा भाव रोखीच्या भावाहून नेहमीच जास्त असतो, हे आमच्या गावातील लहान मुलालाही माहीत आहे. म्हणूनच हप्त्याच्या रकमेइतकीच हप्त्याची तारीखही महत्त्वाची असते. एप्रिल ते जुलैचा हप्ता २०२३ साली २७ जुलैला आला, २०२४ साली १८ जूनला आला आणि २०२५ साली तर ती मुदत उलटून २ ऑगस्टला आला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हातात पडलेले दोन हजार पेरणीला लागतात. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलावर आलेले असते, तेव्हा तेच दोन हजार उधारी फेडण्याला किंवा फार तर एका फवारणीला लागतात. कोठल्या शहरात, कोणाच्या हस्ते हप्ता सोडायचा यासाठी तारीख थांबते असे गावातील लोक समजतात. कारण काहीही असो, पेरणी त्यासाठी थांबत नाही.

रक्कम मात्र आहे तेथेच आहे. २०१८-१९ च्या हंगामात शासनाने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,३९९ रुपये ठरवला होता आणि २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये ठरवला आहे. म्हणजे पन्नास टक्क्यांहून अधिक वाढ झाली, आणि हमीभाव उत्पादन खर्चाच्या दीडपट धरला जातो असे शासनच सांगत असल्याने उत्पादन खर्च जवळपास तेवढाच वाढल्याचे त्यातून आपोआप मान्य होते. केंद्राचे सहा हजार मात्र सात वर्षे सहा हजारच राहिले आहेत.

आता ओट्यावर बसलेल्यांकडे वळतो. हप्ता येण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: जमिनीची नोंद योजनेशी जोडलेली असणे, ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याचे काम, झालेली असणे आणि बँक खाते आधारशी संलग्न असणे. कागदावर हे तिन्ही सोपे दिसतात. आमच्या गावातील सत्तरीच्या एका आजोबांच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नव्हते, कारण आयुष्यभर पऱ्हाटी उपटून आणि विळा धरून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या आहेत. चेहरा ओळखणारे ॲप २०२३ मध्ये आले तेव्हा कुठे त्यांचे काम झाले. दुसऱ्या एका दादाचे तीन हप्ते 'जमा' दिसत होते आणि पासबुकात एक रुपयाही नव्हता. आम्ही दोन महिने शोध घेतला. शेवटी असे कळले की बचत गटाच्या वेळी दुसऱ्या एका बँकेत उघडलेल्या आणि विसरून गेलेल्या खात्याला त्यांचे आधार सर्वांत शेवटी जोडले गेले होते, आणि आधारवर आधारलेला पैसा माणसाच्या पसंतीच्या खात्यात न जाता शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. सहा हजार रुपये तेथे सुरक्षित होते; मधल्या काळात त्यांनी व्याजाने पैसे घेतले होते. तिसऱ्याचे पैसे योग्य खात्यात आले, परंतु पीककर्ज थकल्यामुळे एका बँकेच्या शाखेने ते खाते गोठवून ठेवले होते. अनुदानाची रक्कम कर्जात वळती करू नये असे शासनाचे आदेश निघालेले आहेत. ते मी मोबाइलवर दाखवले, तेव्हा संबंधित अधिकाऱ्यांनी खाते मोकळे केले. आदेश दाखवायला प्रत्येकाबरोबर कोणी जात नाही, याची मला त्या दिवशी फार खंत वाटली.

परंतु ही सारी अडचण शेवटी सुटणारी असते. ज्या अडचणीविषयी मला खरोखर लिहायचे आहे ती सातबाऱ्यातच आहे.

शेजारच्या काकूंचे उदाहरण घ्या. काका २०२२ मध्ये गेले. सव्वादोन एकर जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर होती आणि हप्ताही त्यांच्याच नावाने येत असे, कारण योजनेत पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरतात आणि लाभ ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळतो. काकूंनी त्या वावरात चाळीस वर्षे निंदण, खुरपण, सोंगणी केली आहे. काकांपेक्षा अधिक केली आहे, हे काकाही सांगत असत. काका गेल्यावर हप्ता बंद झाला, तो बंद व्हायलाच हवा होता. योजनेत १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना लाभ मिळत नाही, मात्र मृत्यूमुळे वारसाने जमीन आली असेल तर ती अट लागू होत नाही. म्हणून काकूंना नव्याने नोंदणी करण्याचा पूर्ण हक्क होता. त्यासाठी आधी वारस नोंद हवी. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, शपथपत्र, मग फेरफार, मग पंधरा दिवसांची नोटीस आणि मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. मोठा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याला रजा मिळेपर्यंत आठ महिने गेले. धाकट्याचे म्हणणे होते की बहिणींची नावे आता कशाला चढवायची, पुढे हक्कसोडपत्र करावेच लागेल. काकू त्याला एवढेच म्हणाल्या, "लेकी का माह्या पोटच्या नाहीत?" नोंदीत सगळ्यांची नावे आली. मला त्यांचा त्या दिवशी अभिमान वाटला.

फेरफार मंजूर झाला तेव्हा सातबाऱ्यावर काकूंचे नाव एका ठिकाणी आधारपेक्षा वेगळ्या प्रकारे लिहिले गेले होते. आमच्याकडे सातबाऱ्यावर पुरुषाच्या नावापुढे 'राव' किंवा 'जी' असते आणि आधारवर नसते. बायकांच्या बाबतीत तर माहेरचे नाव, सासरचे नाव आणि घरात पडलेले नाव अशी तीन नावे तीन कागदांवर सापडतात. दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागला. २०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांक आला, ज्याला सगळे 'फार्मर आयडी' म्हणतात, आणि राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो अनिवार्य झाला. तो काढतानाही तीच नावाची विसंगती आडवी आली. काकू या काळात तालुक्याला किती वेळा गेल्या याची मी नोंद ठेवलेली नाही, परंतु प्रत्येक खेपेला एक मजुरी बुडते आणि एस.टी.चे भाडे लागते, आणि तिकिटाची अर्धी सवलत असूनही ते भाडेच असते.

याहून कठीण आहे ते बटईने, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर, करणाऱ्यांचे. आमच्या गावात जमीन नावावर असलेले किमान वीस-पंचवीस जण अकोला, अमरावती, पुणे येथे राहतात आणि त्यांची वावरे गावातलेच कोणी तरी बटईने किंवा मक्त्याने, म्हणजे ठरीव रकमेवर, करते. त्यांपैकी एक जण माझा बालमित्र आहे. त्याची स्वतःची जमीन एक गुंठाही नाही. पाच एकर तो अमरावतीला राहणाऱ्या एका सद्गृहस्थांची बटईने करतो. पेरणी त्याची, खत-बियाण्याचा निम्मा खर्च त्याचा, रात्री रानडुकरांची राखण त्याची. पीएम किसानचा हप्ता, नमोचा हप्ता, दुष्काळाची मदत, अतिवृष्टीची मदत यांपैकी काहीही त्याच्या नावाने येत नाही. मी त्याला २०१९ मध्ये नोंदणीविषयी विचारले होते तेव्हा तो म्हणाला होता, "माह्या नावावर वावरच नाही, मंग मले कोन देईन?" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि मला ते अधिक लागले.

सातबारा हा खरे तर दोन नमुन्यांचा कागद आहे. गाव नमुना सात सांगतो की जमीन कोणाची आहे, आणि गाव नमुना बारा सांगतो की तिच्यात काय पिकते. बारा मध्ये पीक नोंदवले जाते, पण ते कोणी पिकवले याला कोठेच ठळक जागा मिळत नाही. मालकाखेरीज दुसरा कोणी जमीन कसत असेल तर त्याची नोंद घेण्याची सोय महसुली नियमांत आहे. तरीही मी अशी नोंद आमच्या गावात एकही पाहिलेली नाही. त्याचे कारण जुने आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय कोणालाही दोष देता येत नाही. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी पश्चिम महाराष्ट्रात आणि विदर्भासाठीच्या १९५८ च्या स्वतंत्र कायद्याने १ एप्रिल १९६३ रोजी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. तो न्यायच होता. आमच्या पणजोबांची निम्मी जमीन त्याच न्यायाने आमच्या घरात आली आहे. परंतु त्या दिवसापासून प्रत्येक जमीनमालकाच्या मनात एक भीती घर करून राहिली की कागदावर दुसऱ्याचे नाव लागले तर जमीन जाईल. म्हणून बटई तोंडी झाली, मक्ता तोंडी झाला, आणि ज्या कायद्याने कसणाऱ्याला नाव दिले त्याच कायद्याच्या धास्तीने आजच्या कसणाऱ्याचे नाव कागदावर येत नाही.

पीक विम्यात भाडेकराराने शेती करणाऱ्याला जागा आहे, पण करार नोंदणीकृत हवा. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा मिळत होता, तेव्हा दुसऱ्यांच्या, देवस्थानांच्या आणि सरकारी जमिनींवर परस्पर विमा उतरवल्याची प्रकरणे उघड झाली, म्हणून नोंदणीकृत कराराचा आग्रह धरला जाऊ लागला. पुढे २०२५ मध्ये ती एक रुपयाची योजनाच बंद झाली. लबाडी रोखायलाच हवी होती. पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन करार नोंदवायला कोणता मालक तयार होईल? २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य शासनाने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, भाव पडल्याची भरपाई म्हणून दिले, तेव्हा पात्रता ई-पीक पाहणीच्या, म्हणजे मोबाइलवर केलेल्या पिकाच्या, नोंदीवरून ठरली. माझ्या मित्राने स्वतः बांधावर उभे राहून मोबाइलवर त्या सोयाबीनचे छायाचित्र काढले होते. नोंद मात्र खातेदाराच्या नावाने झाली आणि पैसेही खातेदाराच्या नावाने निघाले. ज्याचा माल कमी भावाने विकला गेला त्याला भरपाई द्यायची असा त्या योजनेचा हेतू होता. निम्मा माल माझ्या मित्राचा होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये पावसाने आमच्याकडचे सोयाबीन शेंगेतच कुजवले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात कोरडवाहू शेतीला पीकहानीचे हेक्टरी ८,५०० आणि रब्बीच्या बियाण्यासाठी आणखी हेक्टरी १०,००० रुपये होते. पाच एकरांचे, म्हणजे दोन हेक्टरांचे, ३७,००० रुपये होतात. पंचनाम्याच्या वेळी पाण्यात उभा राहून वावर दाखवणारा माझा मित्र होता आणि यादीतील नाव अमरावतीच्या सद्गृहस्थांचे होते. ते मनाने चांगले आहेत. जेवढी रक्कम खात्यात येईल तिच्यातील निम्मी देईन, असे त्यांनी स्वतः फोन करून सांगितले, आणि पहिला भाग जमा झाल्यावर तसे केलेही. गावातील दुसऱ्या दोघांच्या मालकांनी मात्र असे काही केले नाही आणि त्यांना विचारण्याची सोयही नाही, कारण विचारले तर पुढच्या वर्षी वावर दुसऱ्याला जाते.

ठिबकच्या अनुदानाबद्दल येथे थोडेच लिहितो. अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्र आणि राज्य मिळून खर्चमर्यादेच्या ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान आहे, आणि ही टक्केवारी लहान शेतकऱ्याच्या बाजूची आहे. परंतु संच आधी बसवायचा, बिल चढवायचे, तपासणी व्हायची आणि मग पैसे यायचे, या क्रमामुळे ज्याच्याजवळ आधीच पैसे आहेत त्यालाच ते झेपते. आमच्या गावात ठिबकचा लाभ घेतलेल्यांची नावे आठवली तर त्यांतील बहुतेक घरांत एक तरी पगार येतो. आमचेही घर त्यांत आहे.

दुसऱ्या राज्यांपैकी काहींनी बटईदारांचा विचार केलेला आहे, काहींनी नाही. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतू बंधू योजना एकरी हिशेबाने सुरू केली, त्यात अधिक जमीन असलेल्याला अधिक रक्कम मिळाली आणि कसणारा बटईदार बाहेर राहिला. त्या तुलनेत पीएम किसानची सर्वांना सारखी रक्कम मला अधिक न्याय्य वाटते. ओडिशाने मात्र कालिया योजनेत भूमिहीन कुटुंबांनाही घेतले, आणि आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक घेणाऱ्याला मालकीहक्कावर परिणाम न होता अकरा महिन्यांचे कार्ड देणारा कायदा केला. नीती आयोगाने २०१६ मध्ये मांडलेल्या आदर्श कायद्याच्या मसुद्याचा गाभाही हाच होता: मालकाची मालकी अभंग ठेवायची आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा व आपत्तीची मदत मिळण्यापुरती ओळख द्यायची. मला असे मनापासून वाटते की शेतकरी ओळख क्रमांक तयार करताना ही ओळख देण्याची उत्तम संधी आली होती. तो क्रमांकही सातबाऱ्यावरूनच तयार झाला. त्यात एक रकाना वाढवून, एका हंगामापुरता, मालकाच्या संमतीने आणि कुळाचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही असे स्पष्ट लिहून, कसणाऱ्याचे नाव घेता येईल. अमरावतीच्या त्या सद्गृहस्थांना मी हे विचारले तेव्हा अशा संमतीवर सही करायला आपली हरकत नाही, असे ते म्हणाले.

१९ नोव्हेंबर २०२५ रोजी एकविसावा हप्ता आला. ओट्यावर या वेळी तिघेच होते. काकूंचा अर्ज तालुका स्तरावर मंजूर आणि जिल्हा स्तरावर प्रलंबित असे दाखवत होता. मित्र आला तो हप्त्यासाठी नव्हे, तर हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी आमच्या गाडीतून आणता येईल का हे विचारायला, आणि जाताना त्याने काकूंच्या अर्जाचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतला, कारण सोमवारी तो वाशीमला जाणार होता आणि मला शाळा होती.